आधी प्रेत, मग गुहा: क्रेऑन शोकात्मिकेचा नायक कसा ठरतो

सॉफोक्लीझच्या ‘अँटिगनी’ या नाटकात शेवटाकडे एक जागा अशी येते, की तिथे सगळे काही दोन कामांच्या क्रमावर येऊन ठेपते. थीब्जचा राजा क्रेऑन याला आपण चुकलो हे उमगलेले आहे. आता मी काय करू, ते सांगा, मी ऐकेन, असे तो नगरातल्या वृद्धांना म्हणतो. वृद्ध त्याला दोन कामे सांगतात: खडकातल्या कोठडीत जिवंत कोंडलेल्या मुलीला जाऊन सोडव, आणि उघड्यावर पडलेल्या मृताला थडगे दे. क्रेऑन लगेच निघतो आणि दोन्ही कामे करतो, पण उलट्या क्रमाने. आधी तो माळावर जाऊन प्रेताचे उरलेसुरले अवशेष धुतो, ताज्या फांद्यांवर त्यांचे दहन करतो, मायभूमीच्या मातीचा उंच ढिगारा रचतो, आणि मग गुहेकडे वळतो. तोवर मुलीने गळफास घेतलेला असतो.

ग्रीक शोकात्मिकेचा नायक कशाने घडतो, या प्रश्नाला बहुधा ईडिपसचे, म्हणजे नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या राजाचे, उदाहरण देऊन उत्तर दिले जाते, आणि ते योग्यही आहे, कारण अॅरिस्टॉटलनेच ते दिले आहे. परंतु ईडिपसच्या बाबतीत त्याच्या जन्मापूर्वीची भविष्यवाणी आणि त्याचे अज्ञान यांचा वाटा इतका मोठा आहे, की माणसाच्या स्वतःच्या निर्णयाचा भाग नेमका किती, हे वेगळे काढून दाखवणे अवघड जाते. क्रेऑनचे तसे नाही. त्याच्या वाट्याला कोणताही पूर्वीचा शाप नाटकात सांगितलेला नाही आणि कोण कोणाचे कोण लागते हे त्याला पहिल्यापासून माहीत आहे. जे घडते ते एका दिवसात, सर्वांसमक्ष, त्याच्या तोंडून निघालेल्या आज्ञांमधून घडते. म्हणून हे प्रकरण सविस्तर तपासण्यासारखे आहे.

प्रकरणाची हकीकत

ईडिपसचे दोन मुलगे, इटिओक्लीस आणि पॉलिनायसिस, राज्यासाठी भांडले. पॉलिनायसिसने आर्गॉसचे सैन्य आणून स्वतःच्याच नगरावर चढाई केली. थीब्जच्या सात दरवाजांवर लढाई झाली आणि दोघे भाऊ एकमेकांच्या हातून एकाच दिवशी मेले. शत्रूसैन्य रात्रीतून पळाले. नाटक सुरू होते ते त्यानंतरच्या पहाटे. मृतांच्या आईचा, म्हणजे जोकास्टाचा, भाऊ क्रेऑन हा आता राजा झाला आहे. नात्याने तो या मुलांचा मामा आहे, आणि त्याचा मुलगा हीमॉन याचा विवाह त्याच्याच भाचीशी, अँटिगनीशी, ठरलेला आहे. हे नाते सतत ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढे जो हुकूम निघतो तो राजाने प्रजेविरुद्ध काढलेला असतोच, शिवाय मामाने भाच्याच्या प्रेताविरुद्ध काढलेला असतो.

हुकूम असा: इटिओक्लीसला पूर्ण सन्मानाने दफन करावे, पॉलिनायसिसला कोणी मूठमाती देऊ नये, त्याच्यासाठी कोणी रडू नये, त्याचे प्रेत कुत्र्यांनी आणि पक्ष्यांनी खावे. जो हा हुकूम मोडेल त्याला नगरात दगडांनी ठेचून मारले जाईल. अँटिगनी भावाच्या प्रेतावर माती टाकून तो मोडते. पकडली जाते, नाकबूल करत नाही, आणि देवांचे अलिखित नियम कोणा मर्त्य माणसाच्या जाहीरनाम्याने रद्द होत नाहीत, असे राजाला तोंडावर सांगते. क्रेऑन तिला गुहेत कोंडतो. हीमॉन बापाची समजूत घालायला येतो आणि भांडून निघून जातो. अंध द्रष्टा टायरेसियस येऊन सांगतो, की वेदींवर नैवेद्य जळत नाहीत, कारण पक्षी आणि कुत्रे प्रेताचे मांस तिथवर आणत आहेत, आणि देव या नगराच्या प्रार्थना स्वीकारीत नाहीत. क्रेऑन आधी त्याच्यावर लाच खाल्ल्याचा आरोप करतो आणि तो निघून गेल्यावर ढासळतो. पुढचे वर आलेच आहे. गुहेत हीमॉन मृत अँटिगनीला कवटाळून बसलेला आढळतो. बापावर तलवार उपसतो, वार हुकतो, आणि तो तीच तलवार स्वतःच्या बरगडीत खुपसतो. ही वार्ता ऐकून राणी युरिडिसी एक शब्दही न बोलता आत जाते आणि घरातल्या वेदीपाशी, नवऱ्याला शाप देत, जीव देते.

हुकूम मुळात चुकीचा होता का?

या प्रश्नावर घाई करू नये, असे मला वाटते. आजचा वाचक अँटिगनीच्या बाजूने इतक्या लवकर उभा राहतो, की क्रेऑन त्याला पहिल्या प्रवेशातच खलपुरुष दिसू लागतो. आणि खलपुरुष कोसळला तर तिथे शोकात्मिका उरत नाही. दुष्ट माणूस सुस्थितीतून दुःस्थितीत गेला तर न्याय झाल्याचे समाधान मिळेल, पण करुणा आणि भय निर्माण होणार नाही, हे अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या 13 व्या प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे. त्याच्या मते नायक सद्गुणाचा पुतळा नसावा, तसाच दुराचारीही नसावा. तो या दोहोंच्या मधला, लौकिक आणि ऐश्वर्य असलेला माणूस असावा, आणि त्याचे पतन दुर्गुणामुळे न होता एखाद्या मोठ्या ‘हमार्तिये’मुळे, म्हणजे चुकीमुळे, व्हावे. क्रेऑन या मधल्या जागेवर बसतो की नाही, हे त्याच्या पहिल्या भाषणावरून ठरते.

ते भाषण अथेन्सच्या श्रोत्यांना खटकले असेल असे मानायला फारसा आधार नाही. माणसाचे मन आणि त्याची बुद्धी तो सत्तेवर आल्याशिवाय कळत नाही. जो भयाने तोंड मिटून बसतो तो राज्यकर्ता नीच. जो आप्तमित्राला स्वदेशापेक्षा वरचढ मानतो त्याला मी कवडीची किंमत देत नाही. हे नगर म्हणजे आपल्याला तारून नेणारे जहाज आहे आणि ते सरळ चालले तरच आपल्याला मित्र जोडता येतात. असे तो बोलतो. या नाटकानंतर जवळपास शंभर वर्षांनी, इ.स.पू. 343 मध्ये, अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनिस याने आपला राजकीय विरोधक एस्किनिस याच्यावर खटला भरला तेव्हा याच ओळी न्यायसभेत वाचून दाखवायला लावल्या. एस्किनिस पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑनची भूमिका अनेकदा केली होती. ज्या ओळी तू रंगभूमीवर इतक्या वेळा म्हटल्यास त्यांतली शिकवण तू राजकारणात पाळली नाहीस, असा डिमॉस्थेनिसचा आक्षेप होता. म्हणजे क्रेऑनचे हे शब्द त्याच्या दृष्टीने देशभक्ताला शोभणारे होते, जुलमी राजाची बडबड नव्हते. नाटककारालाही कारभाराची भाषा परकी नव्हती. सॉफोक्लीझ इ.स.पू. 443-442 मध्ये अथेन्सच्या मित्रसंघाच्या खजिन्याचा एक अधिकारी होता आणि सेमॉस बेटावरच्या मोहिमेच्या वेळी अथेन्सचा नेता पेरिक्लीझ याच्यासोबत निवडून आलेल्या दहा सेनापतींपैकी एक होता. ‘अँटिगनी’ याच सुमाराचे, साधारण इ.स.पू. 441 चे, मानले जाते.

प्रेताला दफन नाकारणे हेदेखील अथेन्सला अपरिचित नव्हते. देशद्रोह्याला अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाच्या, भूमीत पुरू नये असा तिथला कायदा होता. देशद्रोही ठरवलेला सेनापती थेमिस्टोक्लीझ याच्या अस्थी त्याच्या नातलगांनी गुपचूप आणून पुरल्या असे सांगितले जाते, ते याच कायद्यामुळे. मात्र त्या कायद्यात आणि क्रेऑनच्या हुकमात एक अंतर आहे. सीमेबाहेर नेलेले प्रेत बाहेर कुठेतरी पुरता येत होते. क्रेऑन प्रेत सीमेबाहेरही टाकत नाही आणि मातीतही जाऊ देत नाही. ते नगराच्या डोळ्यांसमोर कुजत ठेवून त्यावर पहारा बसवतो. शिक्षा जिवंत माणसापुरती असते आणि मृतावर पाताळातल्या देवांचा हक्क असतो, ही मर्यादा तो ओलांडतो. ओलांडताना त्याला ती दिसत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष नगराच्या सुरक्षिततेवर आहे. माझ्या मते प्रकरणाची किल्ली इथेच आहे. क्रेऑनजवळ एक मोजपट्टी आहे, ‘नगर आधी’. ती खोटी नाही. पण तो प्रत्येक गोष्ट तिनेच मोजतो, तिने मोजता न येणाऱ्या गोष्टीही.

हमार्तिया हा शब्द

मराठीत हमार्तियाचा अर्थ ‘नायकाचा स्वभावदोष’ असा शिकवण्याची वहिवाट पडली आहे. ती शेक्सपिअरच्या नायकांविषयीच्या चर्चेतून आली असावी, आणि तिने बरेच नुकसान केले आहे, कारण त्यामुळे विद्यार्थी प्रत्येक नायकात एक दुर्गुण शोधत बसतो: ईडिपसचा संताप, क्रेऑनचा हट्ट. मूळ क्रियापद ‘हमार्तानेइन’ हे भाल्याचा किंवा बाणाचा नेम चुकण्यासाठी होमरपासून वापरात आहे. नेम चुकणाऱ्याने नेम धरलेला असतो. त्याला काहीतरी साधायचे असते, बहुधा चांगलेच. ते साधत नाही आणि शस्त्र भलत्याच ठिकाणी जाऊन लागते.

अॅरिस्टॉटलने क्रेऑनला आदर्श नायक म्हणून कुठेही नाव घेऊन सांगितलेले नाही. त्याची उदाहरणे ईडिपस आणि थायेस्टिस ही आहेत. ‘काव्यशास्त्रा’त या नाटकाचा उल्लेख येतो तो हीमॉनच्या हुकलेल्या वारापुरता, आणि तोही नापसंतीने: जाणूनबुजून कृत्य करायला निघावे आणि ते न करावे, हा प्रकार त्याला सर्वांत निकृष्ट वाटतो. तरीही हमार्तियेची कल्पना क्रेऑनला लावणे ही आपली जबरदस्ती ठरत नाही, कारण अॅरिस्टॉटलच्या कितीतरी आधी सॉफोक्लीझनेच तो शब्द त्याच्याभोवती पेरून ठेवला आहे. टायरेसियस त्याला म्हणतो, की चुकणे हे सर्व माणसांना समान आहे, पण चुकल्यावर जो हटून न बसता दुखण्यावर उपाय करतो तो अविचारी ठरत नाही. इथे हेच क्रियापद आहे. शेवटी मुलाचे शव हातांत घेऊन क्रेऑन येतो तेव्हा वृद्धांचा प्रमुख म्हणतो, की ही आपत्ती परक्या कोणाची नाही, तो स्वतःच चुकला. तिथेही तेच क्रियापद आहे. आणि क्रेऑनचा पहिला आक्रोश आपल्या भ्रष्ट बुद्धीच्या चुकांबद्दलचा आहे. त्याच धातूतला शब्द तिसऱ्यांदा. हीमॉनचा वार हुकतो त्या ठिकाणी दूताने वापरलेले क्रियापद वेगळे आहे, पण त्यालाही नेम चुकणे आणि अपराध होणे असे दोन्ही अर्थ आहेत. बाप आणि मुलगा दोघांचेही नेम त्या दिवशी चुकतात.

परतीचे दरवाजे

या प्रकरणातली सर्वांत वेदनादायक गोष्ट अशी, की क्रेऑनला मागे फिरण्याची संधी एकदाच नाही, अनेकदा मिळते. पहारेकरी सांगतो की प्रेतावर कोणीतरी धूळ टाकली आणि तिथे कुदळ-फावड्याची खूण नाही, चाकाचा माग नाही. वृद्धांचा प्रमुख भीतभीत म्हणतो, हे देवांचे तर काम नसेल? हे ऐकून क्रेऑन भडकतो आणि कोणीतरी पैसे चारले असा निष्कर्ष काढतो. हाच आरोप तो पुढे टायरेसियसवर करतो. ज्या गोष्टीला त्याच्या मोजपट्टीवर जागा नाही तिचा खुलासा त्याला लाच या एकाच कारणाने करता येतो. नगराविरुद्ध जाणाऱ्याला दुसरा हेतू असू शकतो, हे त्याला सुचतच नाही.

हीमॉनचा प्रवेश मी पुन्हा पुन्हा वाचतो. मुलगा सुरुवात करतो ती पूर्ण आदराने: मी तुमचाच आहे, तुमच्या योग्य मार्गदर्शनापेक्षा मला कोणताही विवाह मोठा नाही. मग तो लोक अंधारात काय कुजबुजतात ते सांगतो, कारण राजाच्या तोंडावर ते कोणी बोलणार नाही. पुरात जी झाडे वाकतात त्यांच्या फांद्या वाचतात आणि जी ताठ राहतात ती मुळासकट जातात. शिडाचा दोर जो खलाशी कधीच सैल सोडत नाही त्याचे तारू उलटते. दुसरा दृष्टान्त जहाजाचा आहे हे विसरू नये. क्रेऑनने नगराला जहाज म्हटले होते. मुलगा बापाचीच प्रतिमा हाती घेऊन तिच्यातली त्याला न दिसलेली बाजू दाखवतो. काही ओळींतच संभाषण एकेका ओळीच्या टोल्यांवर येते आणि क्रेऑन विचारतो, नगर हे राज्यकर्त्याचे मानले जात नाही काय? ओसाड नगरावर तुम्ही एकटे छान राज्य कराल, असे हीमॉन उत्तर देतो. ‘नगर आधी’ म्हणणारा माणूस ‘नगर माझे’ इथवर केव्हा येऊन पोहोचला, हे त्याचे त्यालाही कळलेले नाही. पहिल्या भाषणातला चांगला राज्यकर्ता आणि इथला जुलमी राजा यांच्यामध्ये एकही दिवस गेलेला नाही.

यानंतर तो एक बारीकसा बदल करतो, ज्याच्याकडे वाचकांचे लक्ष कमी जाते. हुकमात दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा होती. आता तो म्हणतो, तिला निर्जन ठिकाणी खडकात जिवंत कोंडा आणि दोष टाळण्यापुरते अन्न ठेवा, म्हणजे सगळे नगर पापाच्या विटाळातून वाचेल. रक्ताच्या नात्यातल्या मुलीला मारणे हा विटाळ आहे, हे त्याला समजते. पण त्यावरचा त्याचा उपाय मुलीला वाचवण्याचा नसून नगरावर ठपका येणार नाही अशी तजवीज करण्याचा आहे.

पश्चात्तापाचा क्रम

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे परत येता येईल. टायरेसियसने दोन दोष सांगितले होते: वरच्या जगातल्या जिवाला तू थडग्यात टाकलेस, आणि खालच्या देवांच्या हक्काचे प्रेत तू वर अडकवून ठेवलेस. वृद्धांनी उपाय सांगताना मुलीला पहिले स्थान दिले. क्रेऑन म्हणतो, मीच बांधले, मीच सोडवीन. आणि सेवकांना कुऱ्हाडी घेऊन धावायला सांगतो. त्याच्या बोलण्यात मुलगी आहे, पण त्याचे पाय प्रेताकडे वळतात.

असे का व्हावे, याची कारणे अभ्यासकांनी वेगवेगळी दिली आहेत. प्रेत वाटेत होते, इतकेच कोणी म्हणेल. किंवा हीमॉनच्या मृत्यूची सविस्तर हकीकत दूताच्या तोंडी शेवटी यावी ही नाटककाराची सोय होती, असेही म्हणता येईल. मला या दोन्ही उत्तरांनी समाधान मिळत नाही. वेदी विटाळल्या होत्या त्या प्रेतामुळे. देवांनी नगराकडे पाठ फिरवली होती ती प्रेतामुळे. गुहेतली मुलगी एकटी होती, तिच्यावाचून नगराचे काही अडलेले नव्हते. क्रेऑन चूक मान्य करतो, हुकूम मागे घेतो, स्वतः धावत जातो, आणि तरीही कामांचा क्रम लावतो तो त्याच जुन्या मोजपट्टीने. हुकूम काढताना नगर आधी, शिक्षा बदलताना नगर आधी, हुकूम फिरवतानाही नगर आधी. त्याचा निर्णय बदलला, निर्णय घेण्याची रीत बदलली नाही, कारण ती रीत म्हणजेच तो माणूस आहे. आधी गुहेकडे गेला असता तर अँटिगनी वाचली असती, असे नाटक कुठेही सांगत नाही. तेवढी एक शक्यता उघडी ठेवून सॉफोक्लीझ पुढे जातो, आणि ती बंद करण्याचा क्रेऑनकडे कोणताही मार्ग नाही.

शोकात्मिकेचा नायक ओळखण्याची खूण मला इथे दिसते. केवळ उंचावरून पडणे पुरेसे नाही. दुर्गुणाबद्दल शिक्षा मिळणे तर त्याहून वेगळी गोष्ट झाली. ज्या गुणाच्या बळावर माणूस उभा असतो, ज्यामुळे तो आदराला पात्र ठरतो, त्याच गुणाने त्याचा नेम चुकावा, आणि हे त्याला स्वतःला कळावे, ही ती घटना. अॅरिस्टॉटलच्या परिभाषेत परिस्थितीचा उलटा फेर आणि उमज या दोन्ही गोष्टी क्रेऑनच्या वाट्याला येतात. न्याय तुला दिसला खरा, पण फार उशिरा, असे वृद्ध म्हणतात. आणि तो उत्तर देतो, की हो, मी दुर्दैवी शिकलो.

अँटिगनीचा दावा

नाटकाचे नाव तिचे आहे, आणि हा दावा थोडक्यात बाजूला सारता येणार नाही. बर्नार्ड नॉक्ससारख्या अभ्यासकाने सॉफोक्लीझच्या नायकाची ओळख न वाकणाऱ्या वृत्तीत पाहिली. त्या निकषावर अँटिगनी नायिका ठरते आणि शेवटी वाकणारा क्रेऑन ठरत नाही. ती मागे हटत नाही, तडजोड करत नाही, बहीण इस्मिनी मरणात वाटेकरी व्हायला येते तेव्हा तिलाही दूर सारते. गुहेकडे जाताना तिचा विलाप काळीज चिरतो: विवाहगीत नाही, बोहल्याऐवजी थडगे. देवांनी तिला का सोडले, हे तिला कळत नाही, आणि तिची बाजू खरी होती हे टायरेसियसच्या तोंडून सिद्ध होते तेव्हा ती ते ऐकायला रंगमंचावर नसते. तिचे दुःख क्रेऑनच्या दुःखाहून कमी नाही. परंतु तिला चूक उमगण्याचा प्रसंग नाही, कारण मूळ प्रश्नावर तिची चूक नाही. साधारण साडेतेराशे ओळींच्या या नाटकातून ती नऊशे चाळीसच्या आसपास कायमची निघून जाते. त्यानंतर राहतो तो क्रेऑन.

हे दोन निकष एकमेकांना छेद देतात आणि मला त्यांतला एक खोडून टाकण्याची गरज वाटत नाही. अॅरिस्टॉटलच्या निकषावर मात्र निवाडा स्पष्ट आहे.

शेवटच्या प्रवेशात क्रेऑनसमोर एकीकडे मुलाचे शव असते आणि राजवाड्याचे दार उघडून दुसरीकडे पत्नीचे शव दाखवले जाते. त्याच्यावर कोणी शिक्षा बजावत नाही, त्याचे राज्यही कोणी काढून घेत नाही. मृत्यू लवकर यावा अशी तो प्रार्थना करतो, तेव्हा वृद्ध त्याला सांगतात, की ते पुढचे पुढे, आता समोर जे आहे त्याचे काहीतरी करायला हवे. नगराचे सुकाणू धरलेला हा माणूस सेवकांना म्हणतो, मला इथून न्या, मी आता कोणीच नाही. दोन्ही शवांकडे पाहत तो म्हणतो, की कोणाकडे पाहावे, कुठे टेकावे, हे मला कळत नाही. हातात होते ते सगळे वाकडे झाले आहे.